फ्लेक्सवरच्या बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि गोदाकाठ संगीत सभेचे आधारस्तंभ माननीय किशनराव मुरंबीकर साहेब, प्रमुख पाहुण्या प्राचार्या डॉ. ज्योत्स्नाताई, सभेचे कार्यवाह आणि आजच्या सगळ्या धावपळीचे धनी शिवप्रसादजी, गोड आवाजात आपल्या सगळ्यांच्या चुका झाकून नेणाऱ्या निवेदिका रेणुकाताई, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांच्या नावांची चिठ्ठी मला दिली आहे पण चष्मा पर्समध्ये राहिल्यामुळं ती मला वाचता येत नाही, समोर बसलेले गायक, वादक, साउंडवाले, मंडपवाले, नांदेडचे रसिक, लातूरहून सकाळच्या गाडीनं आलेली माझी माणसं, आणि तिसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेल्या लोह्याच्या धुरपताबाई. सर्वांना जयभीम, नमस्कार आणि आदाब.

काहींनी माना वळवल्या. वळवा, वळवा. कोण ह्या धुरपताबाई, असं वाटलं असेल. तिथवर येते मी. आज मला घाई नाही.

रेणुकाताईंनी आत्ताच जाहीर केलं की आधी सत्कार, मग मानपत्राचं वाचन आणि शेवटी सत्काराला उत्तर. मी मधेच उठून त्यांच्या हातातला माइक घेतला, त्याबद्दल त्यांची माफी मागते. त्यांचा चेहरा टिपण्यासारखा झाला होता, पण माझा कॅमेरा दारातच काढून घेतलाय. एक स्वयंसेवक म्हणाला, "मॅडम, आज तुम्ही सत्कारमूर्ती, आज कसला कॅमेरा?" आणि बॅग नेऊन त्या टेबलावर नारळाशेजारी ठेवली. तर ती शाल, तो नारळ, ते मानपत्र, सगळं तिथंच राहू द्या. सत्काराला उत्तर मी सत्काराच्या आधीच देणार आहे. पटलं तर सत्कार करा, नाही पटलं तर शाल पुढच्या पाहुण्यांच्या कामाला येईल. शाली फिरतात हे मला माहीत आहे. आयुष्यभर त्यांचे फोटो काढलेत, काही शाली तर मी माणसांपेक्षा लवकर ओळखते.

हसू नका. मी चिडलेली आहे. चिडलेल्या बाईला हसू येतं तेव्हा लोक समजतात की तिचा राग गेला. माझा गेलेला नाही.

ज्योत्स्नाताई मघाशी फार मनापासून बोलल्या. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ताई, तुम्ही म्हणालात, "एक महिला असूनही लुंबिनीताईंनी संगीताच्या छायाचित्रणासारख्या क्षेत्रात हयात घालवली." ते 'असूनही' माझ्या मागं चाकूरपासून लागलंय. मी बाई होते म्हणून कॅमेऱ्याचं बटण काय जड होतं का? जड होतं ते बाकीचं. आणि पुढं तुम्ही विचारलंत की हे सगळं करताना घर कसं सांभाळलंत. दरसाल मार्च महिना आला, की हा प्रश्न येतो, फुलांच्या गुच्छासोबत. त्याचं उत्तर पहिल्या रांगेत बसलंय. रविकांत सर, जरा उभे राहा. हे माझे मिस्टर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. यांच्या हातचं वरण खाल्लंत तर तुम्ही ताटावरून उठणार नाही. यांना आजवर एकानंही विचारलं नाही, की सर, शाळा सांभाळून तुम्ही वरण कसं करता. बसा हो, बसा. लाजू नका.

आता थोडं माझ्याविषयी, कारण मानपत्रात जे लिहिलंय ते मी आत बसून वाचलं, आणि त्यातली बाई मला ओळखीची वाटली नाही.

आमच्या घरात कॅमेरा आणला माझ्या थोरल्या भावानं, नागसेनदादानं. चाकूरला बसस्टँडसमोर त्यानं स्टुडिओ टाकला. मी मॅट्रिक झाले होते आणि घरात बसून आईचा जीव खात होते. आई म्हणाली, "हिला घेऊन जा रे तिकडं, पाणी तरी भरल." पाणी भरता भरता मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला शिकले, मग फोटो काढायला शिकले. पुढं दादाला एसटीत नोकरी लागली आणि स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला. गिऱ्हाईक यायचं, आत डोकवायचं आणि विचारायचं, "फोटोवाले कुठं हायत?" मी म्हणायचे, "मीच." "मंग येतो थोड्या टायमानं." थोड्या टायमानं यायचं, तरी मीच! एका पाहुण्यानं तर स्पष्टच सांगितलं, "बाईनं काढलेला फोटो हालतोय म्हणं." मी म्हटलं, "तुम्ही हलला नाहीत तर नाही हलणार." त्यांचा फोटो अजून त्यांच्या घरात आहे. हार घातलेला. हललेला नाही.

जयंतीचे दिवस जवळ आले, की गायन पार्ट्या स्टुडिओत यायच्या, पोस्टरसाठी फोटो काढायला. पेटी मांडीवर, ढोलकी पुढ्यात, शाहीर मधोमध, फेट्याचा तुरा वर. दादा असताना मी पडदे लावायचे आणि ऐकत बसायचे, कारण ही मंडळी स्टुडिओत आली तरी गप्प बसायची नाहीत. फोटोसाठी पेटी धरली की बोटं चालायलाच लागायची. माझा कॅमेरा गाण्याला चिकटला तो तिथं. पुढं लग्न झालं, लातूरला आले, तिथं स्टुडिओ टाकला. लग्नाचे, मुंजीचे, नामकरणाचे फोटो पोटासाठी काढले. पण गाणं जिथं असेल तिथं मी गेले. औसा, लोहा, उदगीर, देगलूर. भीमगीतं, कव्वाली, भजनी मंडळं, बँडपार्ट्या आणि तुमच्या या संगीत सभेच्या मैफली.

जिथं गेले तिथं पहिला अर्धा तास मी बाई नेमकी कोण, हे ठरवण्यात जायचा. स्वयंसेवक पळत यायचा, "ताई, महिलांची बैठक तिकडं आहे." मी कॅमेरा दाखवायचे. तो म्हणायचा, "हाव, पर बैठक तिकडंच आहे." एका ठिकाणी माझ्या हातात रांगोळीचा डबा दिला आणि म्हणाले, "लई उशीर केलात, पाहुणे येऊन राहिलेत." मी रांगोळी काढली! काय करणार? दार तेवढ्यानंच उघडणार होतं. दुसऱ्या ठिकाणी मला गायकाची पत्नी समजून चहा दिला, आणि गायकाच्या पत्नीला फोटोवाली समजून बाहेर थांबवलं. पुढच्या रांगेत पुरुष फोटोग्राफर उभे असायचे, कोपरं बाहेर काढून. त्यांचं एकच पालुपद असायचं, "मॅडम, जरा बाजूला सरका." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी माझा पाय आपोआप डावीकडं जातो.

सरकले मी. आणि सरकले म्हणून शिकलेसुद्धा. जुन्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की खट्ट आवाज व्हायचा. शास्त्रीय मैफलीत आलाप चालू असताना तो आवाज झाला, की बुवा डोळे वटारायचे आणि पुढचे रसिक 'च्च' करायचे. मग मी तबला ऐकायला लागले. ठेक्याची थाप जिथं जोरात पडते तिथंच बटण दाबायचं, म्हणजे खट्ट त्यात बुडून जातं. ते करता करता कळलं की गवयाचा चेहरा समेवर नाही उमलत. समेच्या जरासा आधी उमलतो, आता घर आलं असं त्याला कळतं तेव्हा. समेवर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि गंमत म्हणजे आजच्या मानपत्रात याबद्दल एक अक्षर नाही. त्यात काय आहे? 'हसतमुख व्यक्तिमत्त्व.' मी हसतमुख आहे? रविकांत सर, मान हलवू नका, दिसतंय मला.

आता धुरपताबाईंकडं येते.

लोह्याकडचे शाहीर नरसिंग तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असतील. मोठा गळा, मोठा माणूस. वारले, त्यांना माझं वंदन. त्यांच्या पोस्टरवर छापलेलं असायचं, 'शाहीर नरसिंग आणि संच'. संच म्हणजे कोण हो? पेटीवाला, ढोलकीवाला, टाळवाला आणि धुरपताबाई. आता ज्यांनी ती पार्टी ऐकली आहे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुम्ही कुणाला ऐकायला जात होता? शाहिरांनी दोन गाणी झाल्यावर पाणी प्यायला घेतलं, की मागच्या रांगेतून आवाज यायचा, "बाईला उठवा, बाईला." बाईला! नाव कुणाला माहीत नव्हतं, पण तिच्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आणि बाई गायला उठल्या की काय व्हायचं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गाणं आवडलं की माणूस बक्षीस द्यायला स्टेजवर चढतो. चढू दे, कलावंताचं घर त्यावर चालतं, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण तो चढला की गाणं थांबतं. निवेदक माइकवरून त्याचं नाव सांगतो, त्याच्या वडिलांचं सांगतो, गाव सांगतो, पद असेल तर पद सांगतो, नसेल तर 'युवा नेते' सांगतो. आणि तो माणूस कलावंताकडं तोंड करून बक्षीस देत नाही, तो कॅमेऱ्याकडं तोंड करून देतो! गाणाऱ्या बाईच्या बरोबर पुढं उभा राहून, हात मागं करून. आयोजकांचं मला सांगणं असायचं, "मॅडम, देणगीदार एकपण सुटला न्हाई पायजे." कारण फोटो विकत कोण घेणार? जो फोटोत आहे तो. त्यामुळं माझ्याकडं देणगीदारांचे डोंगराएवढे फोटो आहेत, आणि त्या डोंगरामागं कुठंतरी धुरपताबाईंचा एक कान, पदराचा एक काठ, बांगड्यांचा एक हात. वर्षानुवर्षं मी त्या बाईंचा एक पूर्ण चेहरा मिळावा म्हणून स्टेजच्या कडेकडेनं फिरले. चेहरा दिसला की कुणीतरी युवा नेते आडवे यायचेच.

आणि मग एका जयंतीला, लोह्यात, दुपारच्या कार्यक्रमात लाईट गेली.

आपल्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण त्या दिवशी माइक बंद पडला आणि निवेदक मुका झाला. धुरपताबाई गात होत्या, त्या थांबल्याच नाहीत. बंद पडलेला माइक सवयीनं तसाच हातात धरून, मान थोडी वर करून त्यांनी आवाज असा सोडला, की पार मागच्या झाडाखालची माणसं उठून उभी राहिली. त्या दिवशी शाहीर नरसिंगसुद्धा ढोलकीवाल्याच्या मागं जाऊन बसले होते. आणि स्टेजवर कुणीही चढलं नाही! का सांगा? नाव पुकारलं जाणार नव्हतं ना. बिनपुकाऱ्याचं बक्षीस द्यायला एक माणूस खिशात हात घालेना. तेवढं एक गाणं संपेपर्यंत माझ्या आणि त्या बाईंच्या मधे कुणीही नव्हतं. उन्हाचा उजेड होता, त्यांचा चेहरा होता आणि मी होते. मला रडू येत होतं आणि फोटो हलू नये म्हणून मी रडू दाबून धरलं होतं.

लाईट आली, आणि आल्या आल्या स्टेज भरून गेलं. पण माझं काम झालं होतं.

तो फोटो मी एका वर्तमानपत्राला दिला. त्यांनी छापला. खाली ओळ काय होती? 'कार्यक्रमास उपस्थित महिला.' असो. जयंतीच्या कार्यक्रमाला एक महिला उपस्थित होती आणि ती माइक घेऊन उभी होती, एवढं तरी जगाला कळलं.

आता आजच्या फ्लेक्सविषयी. अध्यक्ष साहेब, तुम्ही घड्याळाकडं बघितलंत, मी पाहिलं. मी लवकर आवरणार नाही.

मी लातूरचा स्टुडिओ बंद करतेय हे कळल्यावर सभेनं ठरवलं की माझा सत्कार करायचा आणि बाहेरच्या दालनात माझ्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. मनापासून सांगते, मला आनंद झाला. शिवप्रसादजींनी मोबाइलवर फोटो मागवले, मी पाठवले. पहिलाच फोटो धुरपताबाईंचा, लोह्याचा. यांनी काय केलं? त्यांना फ्लेक्ससाठी माझा फोटो हवा होता. माझा फोटो कुणाकडंही नाही, माझ्याकडंसुद्धा आधार कार्डाशिवाय नाही. यांनी पाठवलेल्यांत पहिली बाई बघितली, हातात माइक दिसला, म्हणजे मॅडम भाषण करताहेत! दिला फ्लेक्सवाल्याकडं. 'सुप्रसिद्ध छायाचित्रकार लुंबिनीताई सोनकांबळे यांचा भव्य सत्कार', आणि वर धुरपताबाई. त्याचा नमुना सभेच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, टाळ्या वाजवल्या, आणि तोंड एकानंही बघितलं नाही. अध्यक्ष साहेब, तुमचा अंगठासुद्धा आहे त्यात.

काल मला लातूरच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन. "मॅडम, तुम्ही गातासुद्धा? सांगितलं न्हाई कधी." त्यांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला तेव्हा मला कळलं. मी शिवप्रसादजींना विचारलं, अहो, इतकी वर्षं तुमच्या प्रत्येक मैफलीला मी पुढं बसते, तुम्ही मला ओळखत नाही? हे म्हणाले, आणि हे अगदी निर्मळ मनानं म्हणाले, "मॅडम, तुमच्या तोंडापुढं कायम कॅमेरा असतोय. आम्हाला तोंड कुठं दिसलंय?"

खरंय ते. मला राग आला, पण ते खोटं नाही बोलले. मी म्हटलं, ठीक आहे, चूक झाली. एक करा, त्या फोटोखाली धुरपताबाईंचं नाव लावा. लोह्याहून त्या सकाळी येणार आहेत, मीच बोलावलंय. तेवढं नाव बदला. हे म्हणाले, "करतो, मॅडम. सकाळी दुरुस्ती करून टाकतो."

आणि आज सकाळी यांनी दुरुस्ती केली.

मी गाडीतून उतरले तर दाराशी फ्लेक्सखाली धुरपताबाई उभ्या. नात बुद्धप्रियानं हाताला धरलेलं. हातात पिशवी तशीच, बसमधून उतरून सरळ इकडं आलेल्या. मान वर करून बघत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "लुंबिनी, आगं, ती म्याच हाव का?"

मी म्हटलं, "तुम्हीच आहात, बाई."

"एवढी मोठी?"

तेवढ्यात शिडी आली. शिडीवरचा माणूस वर चढला, एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात पांढरा कागद. खालून कुणीतरी ओरडलं, "आजी, बाजूला सरका, खळ सांडंल अंगावर."

बाई सरकल्या नाहीत. म्हणाल्या, "सांडू दे. उलसं थांब की लेकरा. आत्ताच तर उतरलेव बशीतून. बघू तर दे."

तो थांबला. शिडीवरचा माणूस थांबला हो, त्याच्या हाताला कळलं. त्यानं शिवप्रसादजींकडं बघितलं. शिवप्रसादजींनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "अरे लाव पटकन, पाहुणे यायलेत." आणि त्यानं तो कागद धुरपताबाईंच्या तोंडावर चिकटवला, त्यांच्या देखत! खालच्या ओळीत मान्यवरांचे फोटो आहेत, ते सगळे जागेवर आहेत, हसतायत. वर माझं नाव दोन ओळींत आहे. मधे पांढरा चौकोन.

मी विचारलं, हे काय केलंत? शिवप्रसादजींनी मला समजावून सांगितलं, की मॅडम, नाव मोठ्या अक्षरात आहे, ते झाकायला कागद लई लागतो. तोंड झाकणं सोपं.

तोंड झाकणं सोपं. हे वाक्य मी मघापासून घोळवतेय. धुरपताबाई काय म्हणाल्या माहीत आहे? पदर नीट केला आणि नातीला म्हणाल्या, "चल, आत बसू. ऊन लागायलंय." ऊन नव्हतं तिथं. पोर्चची सावली होती.

त्यांच्या घरी मी गेलेले आहे. भिंतीवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, शाहीर नरसिंग आहेत देणगीदारांच्या घोळक्यात. धुरपताबाईंचा फोटो नाही. त्या लोह्याच्या फोटोची एक प्रत मी दिली होती, ती पोराच्या घरी पुरात गेली. आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःला भिंतीएवढं पाहिलं, आणि कागद लागेपर्यंतच पाहिलं.

म्हणून माझं सत्काराला उत्तर असं आहे. जोवर तो कागद त्या चेहऱ्यावर आहे, तोवर ती शाल माझ्या खांद्यावर येणार नाही. मी भाषणाला उठण्याआधी शिवप्रसादजींना हे कानात सांगितलं. ते म्हणाले, "कार्यक्रम झाल्यावर बघू, मॅडम." कार्यक्रम झाल्यावर मंडपवाला तो फ्लेक्स सोडून नेईल, त्याच्या शेतातल्या कडब्यावर टाकायला. मला माहीत नाही का? मी मराठवाड्यातलीच आहे.

शिवप्रसादजी, तुमच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. तुम्ही आमच्यासाठी उन्हातान्हात फिरलात. पण आत्ता, या क्षणी, मी माइक सोडायच्या आत, तुम्ही उठा आणि तो फ्लेक्स इथं घेऊन या. अध्यक्ष साहेब, परवानगी द्या. हं. मान हलवली. धन्यवाद. जा, शिवप्रसादजी. शिडीवाल्या दादांनाही घेऊन या. आम्ही थांबलोय.

तोवर रेणुकाताई विचारताहेत की मी खाली बसते का. नाही बसत. मी बसले की तुम्ही दीपप्रज्वलन पुन्हा कराल.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा कागदासाठी केवढा हा तमाशा. पण मी आयुष्यात दुसरं केलंय काय? गाणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या मधे जो कुणी येतो, त्याच्या बगलेतून, खांद्यावरून, कोपराखालून कॅमेरा घालून तो चेहरा काढला. तेवढंच माझं काम. त्यासाठी मला तुम्ही आज भव्य म्हणताय. आणि त्याच सत्काराच्या दारात त्याच चेहऱ्यावर खळ लावताय. मला सांगा, मी शाल घेऊन घरी जाऊन ती कुठं ठेवू? अंगावर घेतली तरी चिकट लागेल.

आले. आले बघा. सावकाश, दादा, कोपरा दुमडतोय. असा धरा, वर, स्टेजच्या मागच्या पडद्याला लावा. खळ ओली आहे अजून, बरं झालं. बुद्धप्रिया, बाळ, इकडं ये. तू काढ तो कागद. नखानं नको, कडेनं ओढ. हळू.

हं.

टाळ्या नंतर, मंडळी. आधी बघा नीट. त्या दिवशीची लाईट अजून गेलेलीच आहे बघा, आणि बाई गातायत.

धुरपताबाई, उठा. उठा हो. पिशवी राहू द्या तिथं, रविकांत सर बघतील. या वर. पायरी जपून.

आता माझं आभारप्रदर्शन. अध्यक्ष साहेबांनी ऐकून घेतलं, त्यांचे आभार. ज्योत्स्नाताई स्वतः उठून बाईंना हात द्यायला गेल्या, त्यांचे आभार, आणि 'असूनही' मी विसरले. शिवप्रसादजींचे, शिडीवाल्या दादांचे, आणि सगळ्यांत जास्त त्या लोह्याच्या वीज मंडळाचे आभार. बोलताना माझी जीभ तिखट झाली असेल. वयाचा मान, पदाचा मान कुठं राहून गेला असेल, तर लेकीबाळीचं बोलणं समजून पोटात घाला. मनात ठेवू नका, तेवढी विनंती आहे.

तो कॅमेरा द्या बरं इकडं, नारळाशेजारचा. शाल मी घेईन. नंतर घेईन. आधी एक काम राहिलंय.

धुरपताबाई, तुम्ही तुमच्या फोटोपुढं उभ्या राहा. अशा. माइक हातात घ्या, बंद असला तरी चालेल.

अध्यक्ष साहेब, मान्यवर मंडळी, जरा बाजूला सरका. अजून थोडं. शिवप्रसादजी, तुम्हीपण. अजून. तुमचा खांदा येतोय.

हं. आता कुणी नाही मधे. बाई, इकडं बघा.